ईवाईंची लाल देठाची भाजी

दोन हजार बावीस साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. एवढ्या वयात माणसं काही कमी पाहिली नव्हती. पण हिरवा पाला दिसला की ज्याला घरदार, सोयरेधायरे, तहानभूक कशाचंच भान राहत नाही, असा माणूस साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सुनेचा बाप निघाला. पुस्तकात व्याही म्हणतात, आमच्याकडं ईवाई. ते राहतात सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि मी मेहकरच्या बाजूला. मधात पुरा जिल्हा आडवा पडलेला. गाड्या बदलत बदलत जावं लागतं. लोक म्हणत, इतक्या दूर सोयरीक कायले केली? मी म्हणायचो, दूर आहे तेच बरं आहे.

धंद्यानं ते टेलर. चाळीस वर्षं सोनाळ्याच्या बाजारगल्लीत मशीन चालवलं. उरल्यासुरल्या तुकड्यांच्या दुसरे टेलर गोधड्या शिवतात, हे पिशव्या शिवत. शर्टाच्या वरच्या खिशात एक, पायजम्याच्या दोन्ही खिशांत एकेक, आणि लग्नकार्याला जायचं असलं तर टोपीच्या आतही एक घडी. चौकड्याची पिशवी मेथीची, शाळेच्या गणवेशाची निळी पिशवी घोळीची, ब्लाउजच्या कापडाची आंबाडीची. एकीतला पाला दुसरीत गेलेला चालत नाही. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "वास लागते." एकदा पावसाळ्यात शेगावहून सोनाळ्याला येताना आमची गाडी पंक्चर झाली. सगळी माणसं खाली उतरून ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत उभी, आणि ईवाई कुठं दिसेनात. अर्ध्या तासानं चाक बसलं, घंटी वाजली, तेव्हा हे नाल्यातून तीन पिशव्या भरून वर येताना दिसले. बरं, आले ते गुपचूप बसावं की नाही. कंडक्टरनं सहज विचारलं, "बाबा, काय आणलं?" झालं. तरोटा कोवळा कसा ओळखायचा, कंडक्टरच्या बायकोनं तो किती पाण्यांनी धुवावा, लसूण ठेचून टाकावा की चिरून, हे सांगण्यात गाडी आणखी दहा मिनिटं जागची हलली नाही. सोनाळा येईस्तोवर अर्ध्या गाडीच्या मांडीवर एकेक जुडी होती आणि मी, नवरदेवाचा बाप, ह्या माणसाची आपली ओळखच नाही असा चेहरा करून खिडकीबाहेर पाहत बसलो होतो.

भाजी निवडण्यापासून फोडणीपर्यंत ईवाई दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. त्यांची बायको, आमच्या ईहीनबाई, म्हणतात, "भाकर माही, वरण माहं, पाला त्यायचा. पाल्याच्या बाबतीत मी ह्या घरात पाव्हणी हाये." त्यांचे नियम ठरलेले. पाला तीन पाण्यांतून काढायचा आणि तिसरं पाणी ओंजळीत घेऊन उन्हात धरायचं. मातीचा एक कण दिसला तर चौथं पाणी. देठं वेगळी, पानं वेगळी. लसूण लाल झाला की देठं आधी, ती नरम पडली की मागून पानं. झाकण ठेवायचं नाही, ठेवलं की पाला काळवंडतो. मीठ सगळ्यांत शेवटी, कारण त्यांचं म्हणणं असं की टोपलंभर पाला शिजून वाटीभर होतो, आणि टोपल्याकडं पाहून मीठ टाकणारा माणूस जन्मभर खारट खातो. त्यांच्या बहिणीच्या पोरीच्या लग्नात आचाऱ्यानं डाळभाजी हिरवीगार दिसावी म्हणून पालकात खायचा सोडा टाकला. ते ईवाईंनी पाहिलं. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. कढईजवळ एक पाट ओढला आणि तिथं बसून राहिले. हे नवरीचे सख्खे मामा. नवरीच्या मागं उभं राहायचं काम ह्यांचं. भटजीनं मामाला दोनदा हाक मारली, शेवटी एक चुलत मामा उभा करून अक्षता उरकल्या. ईवाई पाटावरच. आचारी घामाघूम होऊन म्हणाला, "दादा, तुमी आधी उठा. मी दुसरी टाकतो." तेव्हा उठले, आणि नवरीला भेटायला जायचं सोडून दुसऱ्या खेपेचा पालक निवडायला बसले.

आणि ह्या सगळ्यांच्या वरचा नियम असा, की नवा पाला आधी आपण एकट्यानं खायचा आणि दुसरी सकाळ होईपर्यंत घरातल्या कोणाला द्यायचा नाही. त्यात कोणाचं ऐकणं नाही. डोंगरातल्या बाया बाजारात एखादं नवं पान घेऊन आल्या आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो म्हणाल्या, तरी हे पहिली रात्र स्वतः काढणार. एकदा अळूच्या तोंडवळ्याचं कसलं पान कोणालाही न विचारता खाल्लं आणि ओठ असे सुजले, की तीन दिवस बोलता येईना. कपड्यावर खुणा करायच्या खडूनं दुकानातल्या फळीवर लिहून गिऱ्हाइकाशी बोलत होते. ईहीनबाईंना विचारलं तर सांगतात, "ते तीन दिवस माह्या संसारातले सगळ्यात शांत गेले."

माझं आणि त्यांचं बिनसलं होतं तेही पाल्यावरूनच. बावीस सालाच्या अकरा वर्षं आधी लग्नाची बोलणी करायला आम्ही सोनाळ्याला गेलो. मी पोराचा बाप, नवं धोतर, सोबत पाच माणसं. ताटात काही गोडधोड येईल असं कोणालाही वाटेल. आलं काय, तर आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि वरून कच्चं तेल. माझं डोकं सणकलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आमच्याकडं हे म्हशीले टाकतात." ईवाई वाढता वाढताच म्हणाले, "म्हणून म्हशीची तब्येत पाहा, अन् आपली पाहा." लोक हसले. मी हसलो नाही. पुढं सोयरीक झाली, लग्न लागलं, घरात लेकरं खेळायला लागली. पण त्या घरचा पाला मी तोंडात घातला नाही. ते कढई घेऊन आले की मी ताटावर हात आडवा धरायचो आणि म्हणायचो, वरण आहे न, पुरे. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. जे काही नाव कमावलं ते शब्दावर कमावलं, आणि एकदा तोंडातून गेलेला शब्द मागं घ्यायची मला सवय नव्हती.

तर त्या बावीस सालच्या थंडीत जळगाव जामोदला एका लांबच्या नात्यात लग्न होतं. सून म्हणाली, "मामाजी, तिकडं जाऊनच राह्यले तर बाबाकडं मुक्काम करा. सोनाळा काही लांब नाही. नाही गेले तर त्यायले वाईट वाटीन." म्हणून लग्न उरकून गेलो. गेलो तर ईवाई परसात टेप घेऊन उकिडवे बसलेले. त्यांच्या धाकट्या लेकीनं पुण्याहून बियाण्याचं पाकीट धाडलं होतं. त्यावर नाव छापलेलं, स्विस चार्ड. ईवाईंनी त्याचं नाव ठेवलं विलायती पालक. दोन वाफे भरून उगवला होता. पान हातभर, सुरकुतलेलं, काळपट हिरवं, आणि देठ असं लालभडक की कुंकवात बुडवून काढलंय. ईवाई पानाला टेप लावून मला म्हणाले, "साडेचौदा इंच. बाहीचं कापड निंगते यात." मी बरं म्हणालो आणि पाय धुवायला गेलो.

दिवे लागायच्या वेळेला त्यांनी तो पाला शिजवला. देठं बोट बोट कापून लसूण-मिरचीवर टाकली तशी कढईत लाल पाणी सुटलं, मग वरून पानं. ताटं मांडली. मला वरण आणि वांग्याची भाजी वाढली. सवयीनं मी हात उचलला, आणि पाहतो तर ईवाई कढई घेऊन माझ्या पुढून निघून गेले.

"मले नाही?" मी म्हणालो.

"तुमी कुठी खाता?"

"खातो का नाही ते मी पाहीन. पण विचाराची रीत हाये का नाही?"

"ईवाई, नवा पाला हाये. आज मी एकटा खातो. सकायी मी धड उठलो तर उद्या तुमाले वाढतो. आज नोका खाऊ."

आता सांगा, लेकीच्या सासऱ्याला, तो ताटावर बसलेला असताना, अमुक खाऊ नका म्हणायचं? अकरा वर्षं ज्या घरानं आग्रह केला आणि मी नाही म्हटलं, त्या घरानं एक दिवस मला मनाई करावी हे मला सहन झालं नाही. मी हात लांबवून कढईच पुढ्यात ओढली. ईवाईंनी त्यांच्या वाटीत काढून घेतली होती तेवढी चमचाभर सोडून बाकी सारी खाल्ली, निम्म्याहून जास्त देठंच होती, आणि शेवटी भाकरीनं कढई पुसली. चव ओल्या मातीसारखी, मागून जराशी गोड, लसणानं चढलेली. चांगली होती. ते मी सांगितलं नाही. ईवाईंनी विचारलं, "कसा हाये?" मी म्हणालो, "पाला हाये."

सकाळी परसाकडं गेलो आणि लघवी लाल झालेली पाहिली.

थंडीत मी तिथं किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी लाल पाणी, मग नागपूरच्या चकरा, आणि वर्ष पुरं झालं नव्हतं. भाजीचं माझ्या मनातही आलं नाही. पोट तर उत्तम होतं, कधी नव्हे ते हलकं वाटत होतं. मी तोंड धुतलं, चहा घेतला, आणि ठरवलं की कोणाला सांगायचं नाही. पोराला तर नाहीच. तो कामधंदा टाकून मला दवाखान्या-दवाखान्यांत फिरवत बसेल, जसं आम्ही भावाला फिरवलं. पण चहाचा कप ठेवताना वाटलं, आता सोनाळ्याला पुन्हा येणं होतं न होतं. ईवाई वाफ्याला पाणी देत होते. मी जवळ गेलो.

"ईवाई, रातची भाजी चांगली होती."

त्यांच्या हातचा पाइप सुटला आणि त्यांच्याच पायावर पाणी सांडायला लागलं. "काय म्हणले?"

"चांगली होती. अन् बोलणीच्या दिवशी मी ते म्हशीचं बोललो, ते बोलायचं नव्हतं. माफ करा."

ईवाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं, नळ बंद केला आणि घरात गेले. मला वाटलं, माणसाचं मन भरून आलं. मी तिथंच पायरीवर बसलो. तेवढ्यात खिडकीतून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "पोरी, तुहे सासरे माही तारीफ करून राह्यले. माफी बी मांगतली. नाही, पेले नाही, चहा पेले फक्त. मले त्यायचं काही बरं दिसत नाही." पाच मिनिटांत ते शर्ट घालून बाहेर आले. "चला. जळगावले दवाखान्यात जाऊ."

"कायले?"

"काय होऊन राह्यलं ते मले नोका सांगू. डॉक्टरले सांगा. पण चला."

मी नाही नाही म्हटलं. ते माझ्या पुढ्यात उभेच राहिले, त्या आचाऱ्यापुढं बसले होते तसे. शेवटी मी खालच्या आवाजात सांगितलं, "लाल होऊन राह्यली." ईवाई त्या लाल देठांच्या वाफ्याजवळ जाऊन बसले. त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की हा माणूस काय समजून राहिला. "म्या म्हणलं होतं," ते जमिनीकडं पाहत म्हणाले, "सकाय होऊ द्या म्हणलं होतं. आता पोरीले कोणतं तोंड दाखवू?" मग उठले, वाफ्यातलं एक झाड मुळासकट उपटलं, डॉक्टरला दाखवायला म्हणून मातीसुद्धा न झटकता पिशवीत घातलं आणि मला हाताला धरून गाडीपर्यंत नेलं. एकाहत्तर वर्षांत मला कोणी हाताला धरून गाडीत बसवलं नव्हतं. मी हात सोडवून घेतला नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा, करडई, धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, पाथरीची भाजी उगवलेली. सोनाळा ते जळगाव जामोद ईवाईंनी खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही. खरं सांगतो, सकाळपासून मला भीती वाटली नव्हती ती तेव्हा वाटली.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. आम्ही दोघं आत गेलो तर त्यांनी आधी ईवाईंनाच खुर्ची दिली. "पेशंट कोण आहे?" मी म्हणालो, मी. त्यांनी सारं विचारलं, तपासायला नमुना घेतला, आणि म्हणाल्या, "आजोबा, काल बीट खाल्लं होतं का?"

"बीट मी खात नाही. जन्मात खाल्लं नाही."

"नक्की?"

"बाई, मी काय खाल्लं हे मले माहीत नाही का?"

ईवाईंनी पिशवी उघडली आणि ते झाड त्यांच्या टेबलावर, कागदांवर, मातीसकट ठेवलं. "हे खाल्लं त्यायनं. कढईभर. चूक माही हाये." डॉक्टरबाईंनी लाल देठ हातात घेऊन मोडलं, बोटाला लागलेला रंग पाहिला, आणि आत जाऊन पट्टी तपासून आल्या. "रक्त नाही," त्या म्हणाल्या. "एक थेंब नाही. ही भाजी बीटाच्याच घराण्यातली आहे. देठांचा रंग काही जणांच्या लघवीत उतरतो. एकदोन दिवसांत जाईल. भाजी खाल्लेली नसताना कधी असं दिसलं तर मात्र लगेच यायचं." मग त्यांनी माझा रक्तदाब मोजला, आणि ईवाईंच्या तोंडाकडं पाहून त्यांचाही मोजला. त्यांचा माझ्यापेक्षा जास्त निघाला. गोळी त्यांना मिळाली.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. बशीतला चहा आधी माझ्या हातून हलायला लागला, मग त्यांच्या, आणि मग दोघंही असे हसलो की टपरीवाला आमच्याकडं पाहायला लागला. हसता हसता ईवाईंचे डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत. सुनेला फोन लावला तर ती म्हणाली, "बाबा, मामाजीले म्हणा, पुढच्या बारीले तुमची तारीफ करायची असली तर आधी मले सांगा." मग ईवाई माझ्याकडं तिरपं पाहत म्हणाले, "मंग, ते सकायचं बोलणं वापस घेता का?"

घ्यायला हरकत नव्हती. आता मरत थोडाच होतो. पण मी म्हणालो, "बोललेला शब्द मी वापस घेत नसतो."

"नसन घ्यायचा तर नोका घेऊ. पण खरं सांगू का ईवाई, त्या दिवशी तुमी काय बोलले ते मले नीट ध्यानातही नाही. म्हशीचं काहीतरी होतं. माही नजर तुमच्या पोराच्या ताटावर होती. आंबाडीचं एक देठ त्यानं बाजूले सारून ठेवलं नाही, सारं चावून खाल्लं. म्या तवाच मनात म्हणलं, पोरगी इथं द्याची."

"अन् इतके वर्षं मी ताटावर हात धरत होतो, त्याचं काय वाटे तुमाले?"

"मले वाटे, तुमाले पाला पचत नाही. मी तुमच्या ईहीनबाईले म्हणो, बिचाऱ्याचं पोट नाजूक हाये."

म्हणजे एवढी वर्षं माझा जो ताठा त्या घरात पाटावर बसत होता, तो कोणाला दिसलाच नव्हता. दिसत होतं ते नाजूक पोट. वाईट वाटायला पाहिजे होतं. तसं काही झालं नाही, उलट डोक्यावरचा भारा खाली टाकल्यासारखं झालं. मी आणखी एक चहा सांगितला.

आता ईवाईंची नजर गेल्यात जमा आहे. मशीन विकलं. पान डोळ्यांनी दिसत नाही, बोटांत चुरून वासावर ओळखतात, आणि कधी कधी ओळखत नाहीत. फोनवर मला विचारतात, तिकडं मेहकराकडं काय उगवलंय. मी धुऱ्यावर जाऊन पाहून येतो आणि सांगतो. रंग सांगतो, देठ सांगतो, पानाची कड कशी आहे ते सांगतो. ते म्हणतात, "खाऊन पाह्यलं?" मी म्हणतो, हाव. त्यावर ते म्हणतात, "आता सकाय होऊ द्या."

त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी मेहकरची गाडी धरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन पडायच्या आत, ईवाईंच्या मागोमाग त्यांच्या भावाच्या वावरात हरभऱ्याचे शेंडे खुडायला गेलो. जन्मभर हरभरा पेरला, काढला, विकला. पण शेंडे खुडणं हे बायांचं काम म्हणून कधी वाकलो नव्हतो. पाल्यावर दव होतं आणि दवात त्या झाडाची आंब, म्हणजे आंबट खार, उतरलेली. बोटांच्या भेगांत ती अशी चुरचुरायला लागली की हात झटकावा वाटे. आमची घरची जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दरवर्षी थंडीत ती शेंडे खुडून आली की चुलीजवळ बसून हातांवर फुंकर घालायची. मी समोरच बसलेला असायचो. काऊन फुंकते, हे मी तिला कधी विचारलं नाही. ईवाई दोन ओळी पुढं होते, मागं वळून पाहत नव्हते. मी वाकलो आणि ऊन वर येईस्तोवर खुडत राहिलो.